द्यायच्या साड्या

मार्च लागला की कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या कमी होतात, कुरकुंभच्या कंपन्यांकडून येणारा औषधाचा वास संध्याकाळच्या गरम वाऱ्यात जास्तच नाकाला झोंबतो, आणि आमच्या दौंडच्या ऑफिसातला एसी बंद पडतो. दरवर्षी मार्चमध्येच पडतो. कवी लोकांना वसंत असतो, आम्हा फायनान्सवाल्यांना मार्च असतो. पळस कधी फुलला आम्हाला कळत नाही. एरिया मॅनेजरांचा ‘क्लोजिंगचं काय?’ असा मेसेज आला की समजायचं, ऋतू बदलला.

आज सकाळी तो मेसेज आला. त्याच्या पाठोपाठ शेजारच्या टेबलावरची प्राजक्ता खुर्ची सरकवत आली आणि तिनं आपला मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

“मॅडम, ही तुमची बहीण ना? लाइव्ह आलीय बघा. किती गोड बोलते हो!”

पडद्यावर सुजाता होती. माझी मामेबहीण, शिरूरची, मोबाइलवर ड्रेस विकणारी. पाठीवर मोर असलेलं जाकीट घालून ती गोल फिरून दाखवत होती आणि “ताईंनो, काठ बघा, काठ” म्हणत होती. खालून बायकांनी पाठवलेले बदाम भराभर वर चालले होते. मी म्हटलं, “हो, माझीच.” आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

हे दुखणं औषधाचं नाही. ललित लिहिणारे हुरहुर लिहितात, ओढ लिहितात, विरहावर तर पानंच्या पानं भरतात. जळफळाटावर कुणी लिहीत नाही. जणू तो फक्त नळावर भांडणाऱ्या बायकांनाच होतो. मला होतो. मी बी.कॉम. आहे, नोकरीत कायम आहे, गुरुवारचे उपास करते, आणि मला होतो. सुजूचा नवा ड्रेस दिसला की होतो. तिच्या ड्रेसमधली अनोळखी बाई दौंड स्टेशनवर दिसली तर जास्तच होतो.

आणि मला तिच्याकडून काही नको, हे आधीच सांगून टाकते. वाटा नको, फुकटचा ड्रेस नको. मला फक्त एक वाक्य हवं होतं. चार माणसांत, मोठ्यानं, एकदाच तिनं म्हणावं, “ही कल्पना आमच्या ताईची.” मग ती कुठल्या कुठं गेली असती तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या. निदान मला तसं वाटतं.

कारण कल्पना माझीच होती. दोन जातींच्या साड्यांवरून मला ती सुचली होती.

आमच्याकडं साडीच्या जाती दोनच, नेसायची आणि द्यायची. दुकानात गेलं की गादीवरचा माणूसच विचारतो, “नेसायची दाखवू का द्यायची?” द्यायची साडी म्हणजे लग्नात, बारशाला, साखरपुड्याला आहेर करायची. ती कुणी नेसत नाही. ती फक्त फिरते. यवतच्या दुकानातून निघते, भांडगावच्या बारशाला जाते, तिथून न्हावऱ्याच्या साखरपुड्याला, मग कुणाच्या तरी ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहते आणि पुढच्या लग्नसराईत पुन्हा बाहेर पडते. घडी मोडलेली नसते, वर दुकानाची पिशवी तशीच असते. ह्या सगळ्या व्यवहाराला नियम एकच. जिच्याकडून आली तिच्याच घरी परत जाता कामा नये. कुठली साडी कुणाकडून आली हे घरातल्या बाईच्या डोक्यात पक्कं असतं. नवऱ्याचा वाढदिवस विसरेल, पण हे विसरायची नाही.

अशा साड्या शिरूरला माझ्या मामीकडं ट्रंकभर होत्या. मामी म्हणजे सुजूची आई. दोन वर्षांपूर्वी मार्चातल्या एका रविवारी मी त्यांच्याकडं गेले होते. गच्चीवर एका अंगाला पापड वाळत होते, दुसऱ्या अंगाला मामीनं ट्रंक रिकामी करून साड्यांना ऊन दाखवायला घातलं होतं. गुलाबी, पोपटी, शेंदरी, झेंडूच्या शेतात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. डांबरगोळ्यांचा वास आणि उडदाच्या पिठाचा वास एकत्र झाला होता. खाली घोडनदीकडून मधूनच वाऱ्याची झुळूक यायची आणि पदर उडायचे. मी एक जांभळी साडी उचलली, सुजूच्या खांद्यावर टाकली, कमरेपाशी मुठीत आवळून धरली आणि लांब होऊन बघितलं.

“सुजे,” मी म्हणाले, “ह्यांचे फ्रॉक, कुडते, जाकिटं शिवली ना, तर पुण्यातल्या पोरी रांगा लावतील. मोबाइलवर विकायची. घरोघरी ट्रंका भरल्यात. कापडाला तोटा नाही.”

सुजूच्या तोंडात पापडाची लाटी होती. ती “अंऽ” म्हणाली.

मामी पापड उलटता उलटता म्हणाली, “शुभ बोल बाई. आहेराला कुणी कात्री लावतं व्हय?”

झालं, विषय तिथंच संपला. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो कुरकुंभला कंपनीत आहे, त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती. शर्ट काढता काढता म्हणाला, “कल्पना चांगली हाय की. आधी मार्च तर होऊ दे.” मार्च झाला. मग लेकीची ॲडमिशन आली, मग सासूबाईंचा गुडघा, मग गणपती. नोकरी करणाऱ्या बाईच्या कल्पना अशाच असतात. भिजवलेल्या मटकीसारख्या. वेळेवर फोडणीला टाकली नाही तर वास येतो.

सुजूनं वेळेवर टाकली.

सुजूबद्दल नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल ती कुणी लबाड बाई आहे. तसं असतं तर किती सोपं गेलं असतं! ती माझ्याहून थोडी लहान. लहानपणी माझे आखूड झालेले फ्रॉक उन्हाळ्याच्या सुट्टीत बोचक्यात बांधून शिरूरला जायचे. मी वर्षभर घालून वैतागलेला पिवळा फ्रॉक सुजूच्या अंगावर चढला की मामी म्हणायची, “बघा गं, हिला कसा खुलतो!” माझी आईसुद्धा मान डोलवायची. माझ्या अंगावर वर्षभर होता तेव्हा त्या फ्रॉकला खुलायला काय झालं होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि सुजू? ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडायची. “ताई, तुझा फ्रॉक लई भारी हाय.” आता अशा पोरीवर मनमोकळं जळायचं तरी कसं?

पुढं मी फायनान्स कंपनीत लागले, आणि तिचा अर्ज मीच पुढं सरकवला. मी दौंड शाखेत, ती शिरूर शाखेत. ट्रॅक्टर, दुचाकी, घरदुरुस्ती, रोजची तीच कागदपत्रं आणि तीच सही. दुपारी डबा खाताना आमचा फोन असायचा. साहेबांच्या नकला, भाज्यांचे भाव, नवऱ्यांच्या तक्रारी. माझ्या मते ती नोकरी आम्ही दोघी मिळून करत होतो. ती तिकडं आणि मी इकडं एवढाच फरक.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सुजूच्या भावाचा, अजितचा साखरपुडा झाला. मुलगी यवतची. मुलीकडच्यांनी रीतीप्रमाणे भरपूर साड्या आणल्या, आणि मामीची ट्रंक पुन्हा काठोकाठ भरली. तेव्हा सुजूनं आईकडं त्या साड्या मागितल्या आणि मामीनं दिल्या. “न्हाईतरी कुजत्यातच की,” म्हणाली म्हणे. भाचीनं कात्रीचं नाव काढलं तर अशुभ, लेकीनं काढलं तर कुजतायत! मला हे सगळं नंतर कळलं. हिवाळाभर ती सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या दोन शिंपिणींना घेऊन शिवत होती, नदीच्या घाटावर उभी राहून फोटो काढत होती, आणि डब्याच्या वेळच्या आमच्या फोनवर त्यातलं अक्षर बोलत नव्हती. “तुला एकदम सांगायचं होतं, सरप्राइज,” असं म्हणाली नंतर.

ते सरप्राइज मार्चच्या ऐन मध्यात आलं. फायनान्समध्ये मार्चच्या मध्यात राजीनामा देणं म्हणजे पंगत बसल्यावर आचाऱ्यानं झारा टाकून निघून जाणं. तिचे साहेब म्हणे खुर्चीत बसल्या बसल्या पाणी प्यायले. तिनं फोन मात्र पहिल्यांदा मलाच केला.

“ताई, दिला.”

“काय दिलं?”

“राजीनामा. आता हेच करणार, पूर्ण वेळ. आहेराच्या साड्यांचे ड्रेस, ऑनलाइन. अगं, मला एकदम सुचलंच बघ. गच्चीवर उभी होते, साड्या वाळत होत्या, आन् वाटलं, ह्यांचं कायतरी करायला पायजे.”

मी फोन कानाला लावून बसले होते. समोर एक आजोबा ट्रॅक्टरच्या फायलीवर अंगठा उठवायला थांबले होते. तिला गच्ची आठवत होती, साड्या आठवत होत्या, पापडसुद्धा आठवत असणार. मी तेवढी आठवत नव्हते. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

“छान झालं,” मी म्हणाले.

तेव्हाच का बोलली नाहीस, असं तुम्ही म्हणाल. माझी मैत्रीणही तेच म्हणते. अहो, पण मागून घेतलेलं कौतुक आणि मागून घेतलेलं जेवण, दोन्ही घशाखाली उतरत नाही. मला ते न मागता हवं होतं. ती विसरली असेल तर आठवेल की आज ना उद्या, असं म्हणत मी तो सगळा उन्हाळा वाट बघत काढला.

काय उन्हाळा होता तो! आमच्या गल्लीतल्या डांबराला चपला चिकटायच्या. बाजारात कलिंगडांचे ढीग लागलेले. दुपारी ऑफिसात शुकशुकाट, पंखा गरम हवा अंगावर टाकतोय, आणि मी डबा उघडा ठेवून सुजूचे फोटो बघतेय. प्रत्येक फोटोखालचं प्रत्येक बोलणं वाचायचे. कुणी लिहिलेलं असायचं, ‘काय कल्पना आहे!’ आणि खाली सुजूनं हात जोडलेले असायचे. त्या जोडलेल्या हातांचा मला किती राग यायचा, काय सांगू! एखादी तरी बाई लिहील की शिलाई उसवली, रंग गेला, माप चुकलं. कुणी लिहीना. शेवटी मीच नवऱ्याच्या नावावर, त्याच्या कंपनीच्या पत्त्यावर एक कुडता मागवला, खोट काढायला. उलटा केला, शिवणी ओढून बघितल्या, धुऊन बघितला. एक धागा निघाला नाही. मग दार लावून अंगात घालून बघितला तर इतका छान बसला की मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वर पार्सलात तिच्या हातची चिठ्ठी होती, ‘धन्यवाद दादा, वहिनींना नक्की आवडेल.’ तिनं नाव ओळखलंच नव्हतं.

आणि वैशाखात अजितचं लग्न आलं.

न्हावऱ्याच्या रस्त्यावरचं मंगल कार्यालय. बाहेर रणरणतं ऊन, आत कूलरचं पाणी अंगावर उडतंय, मोगऱ्याच्या गजऱ्यांचा आणि मठ्ठ्याच्या कोथिंबिरीचा वास. अक्षता पडल्या होत्या. माइकवर आहेराची नावं पुकारली जात होती. पहिली पंगत नुकतीच बसली होती. तेवढ्यात नवरीकडची एक कॉलेजातली मुलगी सुजूकडं धावत आली.

“ताई, मी तुमच्या पेजवरनंच घेतलाय हा! एक फोटो काढू ना?”

तिच्या अंगात मोरपंखी कुडता होता. सुजू हरखून गेली. दोघींनी गालाला गाल लावून फोटो काढला. मी बाजूलाच उभी राहून हसऱ्या चेहऱ्यानं जळत होते. मग नवरीच्या आत्या आल्या. यवतच्या ह्या आत्या म्हणजे त्यांच्या घरातलं वजनदार माणूस. आत्यांनी कुडत्याकडं बघितलं. डोळे बारीक केले.

“पोरी, जरा फिर बरं.”

पोरगी हौसेनं फिरली. पाठीवर पदरावरचे मोर एका ओळीत लावले होते, आणि मधला एक मोर खाली डोकं वर पाय होता.

“ह्यो मोर माझा हाय,” आत्या म्हणाल्या. आवाज इतका खणखणीत की माइकवरच्या माणसाचं नाव अर्धं राहिलं. “साखरपुड्याला मी ह्यास्नी आहेर केलेली साडी हाय ही. यवतातनं सोताच्या हातानं घेतलेली. पदरावर एक मोर उलटा छापलाय. त्यो मोर मी अंधारात वळखीन!”

सुजू त्या पोरीपासून दोन पावलं मागं सरकली. तिच्या लक्षात आलं काय झालंय ते. आमच्या सगळ्या जगाचा एकच नियम, जिची तिच्या घरी परत जायची नाही. ट्रंकेतून ट्रंकेत फिरणाऱ्या साडीबाबत तो पाळता येतो. मोबाइलवर विकलेला कुडता कुठल्या गावात, कुणाच्या घरात जाणार, ह्याचा तिनं विचारच केला नव्हता. फायनान्समध्ये इतकी वर्षं गिऱ्हाइकाचा पत्ता तपासून घेणारी बाई, आणि यवतचा पत्ता बघून तिला काही वाटलं नाही.

मामी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हे. ती पुढं झाली. “म्हंजी मोर उलटा हाय ते घेतानाच दिसलं हुतं तुम्हाला? आन् तरी आमच्या दारात आहेर म्हणून ठेवला?”

“आहेर काय मोर बघून घेत्यात? मान बघून घेत्यात!” आत्या कडाडल्या. “तुम्ही त्यो मान कापला, शिवला, आन् आमच्याच पोरीला इकला!”

हे वाक्य ऐकून मला, खोटं कशाला सांगू, मनातून गुदगुल्या झाल्या. इतका उन्हाळा मी ज्याची वाट बघत होते ते शेवटी झालं होतं. कुणीतरी सुजूला चार माणसांत बोललं होतं. पण लोक पंगतीतून उठायला लागले. आत्यांनी पानावर बसायला साफ नकार दिला, तसे त्यांचे भाऊ, म्हणजे नवरीचे वडील आप्पा, पानावरून उठून आले. “आमच्या अक्का जेवणार नसल्या तर आमच्याकडचं कुणी बी घास घेणार न्हाई,” असं त्यांनी जाहीर करून टाकलं. भाताची वाफ निवत चालली. मामा हात जोडून ह्याच्याकडून त्याच्याकडं फिरत होते. मुंडावळ्या बांधलेली नवरी आत्यांकडं बघून रडायला लागली, आणि अजितनं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

आप्पांनी शेवटी विचारलं, “मला एवढंच सांगा, आहेराच्या साड्या कापायचं हे खूळ मुळात कुणाच्या डोक्यातलं?”

सगळ्या माना सुजूकडं वळल्या. सुजूनं मान खाली घातली.

आणि माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणजे बोलणीसुद्धा हिलाच? ड्रेस हिचे, बदाम हिचे, ‘काय कल्पना आहे’ हिला, आणि आता त्याच कल्पनेवरून भर मांडवात शिव्या खायच्या तर त्याही हिनंच? माझं काहीच नाही? मी काय वऱ्हाडात नुसती ताटं मोजायला आलेय? कुणाला वाचवायचं वगैरे माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. मला सहन झालं नाही इतकंच.

“माझ्या,” मी म्हणाले. “माझ्या डोक्यातलं. मागच्या साली गच्चीवर साड्या वाळत होत्या तेव्हा मीच हे बोलले. हिनं नुसतं शिवलं.”

मला वाटलं, झालं, सांगून झालं. इतकं हलकं वाटलं मला त्या घडीला! आता कुणी कितीही बोला.

तेवढ्यात सुजू धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. हुंदके देत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “नको ताई. माझ्यासाठी खोटं नको बोलूस. माझी चूक हाय, मी बघते.”

“अगं, खोटं नाही...”

“आत्या, बघताय ना? सख्खी न्हाई हो ही माझी, आतेबहीण हाय. तरी माझं सगळं सोताच्या अंगावर घेती!”

मी मामीकडं वळले. त्या गच्चीवर तिसरं माणूस तीच होती. “मामी, तू होतीस ना तिथं? सांग की.”

मामीनं पदर डोळ्याला लावला. “गुणाची गं माझी पोर,” म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं नाही. तिला आठवत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

आत्या एकदम विरघळल्या. “असली माणसं असलेल्या घरात पोरगी दिली, आमचं काय वाईट झालं म्हणायचं?” त्यांनी माझी अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली. मला आपल्या शेजारी पंगतीला बसवलं आणि स्वतःच्या हातानं जिलबीचा घास भरवला. मी “खरंच माझीच कल्पना” म्हणायला तोंड उघडलं की त्या दुसरी जिलबी कोंबत होत्या. पंगत उठल्यावर त्यांनी माइकवर माझं नाव पुकारायला लावलं आणि सगळ्यांसमोर मला मानाची साडी दिली. पिशवीतून काढून बघितली. द्यायची होती. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

त्यानंतर सुजूचं चांगलंच झालं. आता ती साडी घेतानाच बाईला विचारते, “मावशी, ही कुणाकडून आलेली?” आणि त्या गावाचा पत्ता दिसला की दुसरा रंग पाठवते. उलटा मोर तर तिची खूण होऊन बसला आहे. आता ती मुद्दाम उलटा लावून घेते, आज प्राजक्ताच्या मोबाइलवर दिसला तोही तोच. आणि लाइव्हमध्ये बायकांचं मन भरून यावं असं वाटलं की ती लग्नातली गोष्ट सांगते. “माझी एक ताई हाय दौंडला. भर मांडवात माझ्यासाठी खोटं बोलली हो. अशी बहीण सगळ्यांना मिळावी.” बायका रडक्या तोंडाची चित्रं पाठवतात. आज सकाळी प्राजक्ताचेही डोळे भरले. “मॅडम, तुम्ही किती ग्रेट आहात,” म्हणाली. मी फाइल उघडून बसले.

मला वाटतं, माणसाचं वाईट नाव झालं तर ते पुसता येतं. चांगलं नाव झालं की संपलं. आता मी खरं सांगायला गेले तर माझा त्याग खोटा पडतो, आणि लोकांना त्याग हवाय. मी ऑफिसच्या खिडकीतून रस्त्याकडं बघत बसते. कांद्याचे टेम्पो जातात, शाळेच्या पोरी जातात, एखादीच्या अंगात मोरवाला कुडता असतो. मी लगेच ओळखते. आणि परत पोटात दुखतं.

आज संध्याकाळी ऑफिस सुटताना सुजूचा फोन आला. मागं शिलाई मशिनी चालू होत्या, कुणीतरी कात्री मागत होतं.

“ताई, एक बोलू? रागावणार न्हाईस ना?”

“बोल.”

“ती नोकरी सोड आन् माझ्याकडं ये. मार्चमध्ये तुझा जीव किती आंबतो ते मी बघितलंय. मला घरचं माणूस पायजे गं हितं.”

हेच तर मला हवं होतं, त्या गच्चीवर उभी असल्यापासून. “मी काय करू तिथं?” मी विचारलं, जरा भाव खात.

“काय नको करूस. नवीन काय सुचायचं ते सगळं मी बघते की. त्यात तू डोकं नको शिणवूस, ती तुझी लाइन न्हाई. तू नुसती माझ्याशेजारी बस. तुझ्याएवढं मोठं मन कुणाचं हाय?”

मी रस्त्याच्या कडेला थांबले. इतके दिवस मी मनातल्या मनात तिला चोर म्हणत होते. पण चोराला निदान एवढं माहीत असतं की वस्तू दुसऱ्याची आहे. हिला तेही माहीत नव्हतं. इतक्या प्रेमानं बोलावत होती ती मला, माझ्याच गोष्टीत पाहुणी म्हणून. मला रडू येईल की काय असं वाटलं. मग म्हटलं, खड्ड्यात गेलं मोठं मन. मागून तर मागून.

“सुजे,” मी म्हणाले, “नीट ऐक. ती कल्पना माझी होती. खरंच माझी होती गं.”

सुजूनं मशिनी थांबवायला सांगितल्या, आणि ती तिथल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, लाडानं म्हणाली, “व्हय गं माझे बाई, तुझीच! सगळी कल्पना आमच्या ताईची! आता लग्न हून किती दिस झालं, अजून किती सांभाळून घेणार हाईस मला?”

आणि ती हसली. तिच्याकडच्या बायकाही हसल्या. इतक्या मायेनं हसल्या की मलाही हसावं लागलं.